वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी: तक्ता पाठ आहे, कारण सांगा

शंकासुर

दोन रकान्यांचा तो तक्ता सगळ्यांच्या तोंडावर असतो. पेशीभित्तिका आहे / नाही. हरितलवक आहे / नाही. रिक्तिका (द्रवाची पिशवी) एक मोठी / अनेक लहान. तारककाय (विभाजनात भाग घेणारा पेशीचा भाग) नाही / आहे. गुण मिळतात आणि विषय मिटतो. पण या ओळींचं एकमेकींशी काही नातं आहे की नुसती यादी?

माझं म्हणणं असं की खरा फरक एकच, पेशीभित्तिका. बाकीचे तिच्या मागोमाग येतात. खोडून काढा, म्हणून तर धागा काढलाय.

जाता जाता एक बारीक शंका. मिठाच्या पाण्यात कांद्याची पेशी ठेवली की रससंकोच होतो, आतलं प्रद्रव्य (पेशीतला जिवंत भाग) आकसून भित्तिकेपासून सुटतं. मग भित्तिका आणि प्रद्रव्यपटल (प्रद्रव्यावरचं पातळ आवरण, थोडक्यात पटल) यांच्यामध्ये जी जागा पडते तिच्यात काय असतं? हवा? पोकळी? की पेशीतून बाहेर आलेलं पाणी?

कंडेन्सर

हवा नाही, एवढं आत्ता सांगतो. बाकी रात्री, कृतीसकट.

आगाऊ कार्टं

शंकासुर नाव घेऊन भित्तिकेवर डोकं आपटणार तर. चालू द्या, मी खुर्ची ओढून बसलोय.

टोनोप्लास्ट

म्हणणं बरंचसं पटतं. फक्त भित्तिका म्हणजे 'जाड कातडी' असं धरून चाललात तर पुढचं काही लागणार नाही. दाबाचं गणित मांडा, मग लागतं.

पेशीत विरघळलेल्या कणांची एकूण संहती लिटरला ०.३ मोल धरू. २० अंश सेल्सिअसला परासरण दाब (पटलातून पाणी आत ओढलं जाण्याचा जोर) म्हणजे संहती × वायू स्थिरांक × केल्विनमधलं तापमान: ०.३ × ०.०८३१ × २९३, म्हणजे ७.३ बारच्या आसपास. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. म्हणजे शुद्ध पाण्यात ठेवलेल्या पेशीवर टायरच्या तिप्पट दाब येऊ पाहतो.

आता आपली तांबडी रक्तपेशी घ्या. तिच्या आतही संहती साधारण तेवढीच आहे. सलाइन ०.९ टक्के असतं ते याच कारणाने: लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, भागिले ५८.४४, म्हणजे ०.१५४ मोल; त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात, म्हणून ०.३०८. ही पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर आधी चकतीची चेंडू होते. तोवर काही बिघडत नाही, कारण पटलाचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. चेंडू झाल्यावर मात्र पटलाला ताणावं लागतं, आणि ते तीन-चार टक्क्यांपलीकडे ताणलं जात नाही. फाटतं, हिमोग्लोबिन बाहेर सांडतं, गढूळ दिसणारं मिश्रण लाल आणि पारदर्शक होतं.

वनस्पतीपेशी त्याच पाण्यात टाका. पाणी शिरतं, पटल भित्तिकेवर रेटलं जातं, भित्तिका उलट रेटते. आतला दाब परासरणाच्या ओढीइतका झाला की पाण्याची निव्वळ आवक थांबते. पेशी ताठ, खूश.

म्हणजे प्रश्न एकच, उत्तरं दोन. वनस्पतीने दाब सोसायची सोय केली. प्राण्याने दाब येऊच दिला नाही: बाहेरचा द्रव आतल्याच्या बरोबरीचा ठेवला आणि पटलावर सोडियम-पोटॅशियम पंप बसवला, जो एका एटीपीमागे (पेशीचं ऊर्जेचं चलन) ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. हा पंप बंद पाडला की प्राणीपेशी फुगायला लागते.

मोठी रिक्तिकाही यातूनच निघते. पेशी मोठी करायची तर प्रथिनांनी भरणं महाग. पाणी, क्षार आणि थोडी आम्लं यांनी भरणं स्वस्त. पक्व पेशीत ९० टक्क्यांपर्यंत जागा रिक्तिकेची असू शकते, पेशीद्रव्य भिंतीला लिंपल्यासारखा पातळ थर असतं आणि केंद्रक कडेला ढकललेलं. ही चैन भित्तिका आहे म्हणून. भित्तिकेशिवाय एवढी पाण्याची पिशवी कुठल्याही पेशीने बाळगून दाखवावी.

पानगळ

वाखू (वाचनखूण) साठवली.

मुळाक्षर

गणित झकास, निष्कर्ष घाईचा.

भित्तिका काही वनस्पतींची मक्तेदारी नाही. बुरशीला आहे (कायटिनची), जिवाणूंना आहे (पेप्टिडोग्लायकनची). त्यांना कोणी वनस्पती म्हणत नाही. वनस्पतीला वनस्पती करतं ते लवक (हरितलवक ज्या गटातलं, तो पेशीभाग). अन्न जागच्या जागी तयार होतं म्हणून शिकारीमागे धावायची गरज नाही, आणि गरज नाही म्हणून भिंत बांधून घेणं परवडतं. कारण लवक, भिंत परिणाम. तुमचा धागा उलटा टांगलाय.

टोनोप्लास्ट

@मुळाक्षर, मग युग्लिना या एकपेशीय जीवाचं काय? हरितलवक आहेत, भित्तिका नाही. पटलाखाली प्रथिनांच्या लवचिक पट्ट्या आहेत. लवक हे मूळ कारण असेल तर तिने वनस्पतीसारखं वागायला हवं. ती पोहते, अंग वेडंवाकडं करते, आणि गोड्या पाण्यात राहते म्हणून आकुंचनशील रिक्तिकेने आत शिरलेलं पाणी सतत उपसते. अगदी अमीबासारखं. उलट बुरशी बघा: लवक नाही, भित्तिका आहे. तिच्यात फुगीर दाब (आतून भित्तिकेला रेटणारा) आहे, मोठ्या रिक्तिका आहेत, आणि कण गिळता येत नाहीत म्हणून विकरं (एन्झाइम) बाहेर सोडून पचलेलं शोषून घ्यावं लागतं. पाण्याचं आणि हालचालीचं वागणं भित्तिकेप्रमाणे बदलतं, लवकाप्रमाणे नाही.

मुळाक्षर

युग्लिना मान्य. आता क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय हिरवं शैवाल घ्या. भित्तिका आहे, लवक आहे, तरी दोन कशाभिका (चाबकासारख्या शेपट्या) हलवत पोहतो आणि आकुंचनशील रिक्तिकाही आहे. आता?

टोनोप्लास्ट

त्याची भित्तिका सेल्युलोजची नाही, ग्लायकोप्रथिनांची आणि पातळ. पण मुद्दा टोचला, नाकारत नाही.

आगाऊ कार्टं

एकपेशीय जीवाने दोन बहुपेशीय माणसांची बोलती बंद केली. नोंद घ्यावी.

कंडेन्सर

शंकासुर यांच्या बारीक शंकेकडे येतो. मला तीच मोठी वाटते.

त्या जागेत बाहेरचं मिठाचं पाणीच असतं. भित्तिका चाळणीसारखी आहे, तिची छिद्रं चार-पाच नॅनोमीटरची. पाणी, मीठ, साखर सगळं आरपार जातं. अडवतं ते पटल. 'भित्तिका पदार्थांची ये-जा नियंत्रित करते' असं वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की तांबडी रेघ मारावी.

याचा पडताळा असा: मीठ-साखरेऐवजी छिद्रांतून न मावणारे मोठे रेणू (पॉलिएथिलीन ग्लायकॉल ६०००) पाण्यात घातले, तर मधल्या जागेत भरायला काही मिळत नाही. मग प्रद्रव्य भित्तिकेपासून सुटत नाही, भित्तिकाच त्याच्यासोबत आत दुमडते. हवेत कोमेजणाऱ्या पानातही हेच होतं. भित्तिकेच्या ओल्या, सूक्ष्म छिद्रांतून पृष्ठताण हवेला आत येऊ देत नाही, म्हणून भित्तिका आणि प्रद्रव्य दोन्ही मिळून आकसतात. तेव्हा 'पान कोमेजणे म्हणजे रससंकोच' हेही चूक. रससंकोच हा मुख्यतः काचपट्टीवरचा प्रकार आहे.

आता कृती.

लाल कांद्याच्या मांसल पाकळीची बाहेरची, फुगीर बाजू घ्या. जांभळा रंग तिथल्या पेशींच्या रिक्तिकेत असतो. आतल्या खोलगट बाजूचा पापुद्रा सहज निघतो म्हणून सगळे तो घेतात, पण तो रंगहीन असतो आणि आकसलेलं प्रद्रव्य शोधताना डोळे फुटतात. ब्लेडने ५ मिलिमीटरचा चौकोन आखा, चिमट्याने कोपरा धरून ओढा. लगेच पाण्याच्या थेंबात टाका; कोरडा पडला की कडा गुंडाळतात आणि दोन थर एकावर एक येतात. आच्छादक काच ४५ अंशात टेकवून हळू खाली सोडा.

आधी १० च्या वस्तुभिंगाखाली सगळ्या पेशी काठोकाठ जांभळ्या आहेत ना ते बघा. मग काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून खालचं पाणी ओढून घ्या. दोन-तीनदा करा. काही मिनिटांत जांभळा भाग आधी कोपऱ्यांतून सुटतो, मग बाजूंनी, शेवटी मध्ये गोळा होतो. रंग गडद होतो, कारण रंगद्रव्य तेवढंच आणि पाणी कमी. ४० च्या भिंगाखाली नीट पाहिलं तर गोळ्यापासून भित्तिकेपर्यंत ताणलेले केसासारखे धागे दिसतात. पटल तिथे भित्तिकेला चिकटून राहिलेलं असतं. हेख्टचे तंतू म्हणतात त्यांना.

लगेच साधं पाणी ओढून घेतलं तर प्रद्रव्य पुन्हा फुगून भित्तिकेला भिडतं. म्हणजे पेशी जिवंत होती.

फसतं कुठे? सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी आयोडीन घालणं. आयोडीनने केंद्रक सुरेख दिसतं, पण पेशी मरते. मेलेल्या पेशीचं पटल गळकं, मग रससंकोच कसला? दुसरी चूक, मीठ १० टक्के आणि पाऊण तास: पटल फाटतं, जांभळा रंग आजूबाजूला पसरतो आणि पाणी घालून काही परत येत नाही. तिसरी, प्रकाश. सूक्ष्मदर्शकाचा झरोका (प्रकाश कमी-जास्त करायचं छिद्र) पूर्ण उघडा ठेवला तर रंगहीन भाग धुऊन निघतो; अर्ध्याच्या खाली बंद करा. आणि काळ्या जाड कडेची ती गोल गोष्ट केंद्रक नाही, हवेचा बुडबुडा आहे.

पानगळ

तो बुडबुडा कित्येक वह्यांत 'रिक्तिका' नाव लावून दिमाखात बसलेला असतो.

अवांतर: रिक्तिका हे नावच घोटाळ्याचं. रिक्त म्हणजे रिकामं, आणि ही तर पेशीतली सगळ्यांत भरलेली वस्तू. पाणी, शर्करा, आम्लं, रंगद्रव्यं, कधी स्फटिक, वर पाचक विकरंसुद्धा.

आगाऊ कार्टं

अवांतरात भर: स्नायूलाही पेशी, पेशीलाही पेशी. 'पेशी कमावल्या' म्हणणारा नेमकं काय कमावतो ते विचारून घ्यावं.

निळी शाई

पाचक विकरांवरून. तक्त्यात 'लयकारिका (पाचक विकरांची लहान पिशवी): प्राणीपेशीत आहे, वनस्पतीपेशीत नाही' अशी ओळ असते. काम दोन्हीकडे चालतं. जुने, मोडके भाग मोडीत काढणं वनस्पतीत बहुतांशी रिक्तिकाच करते. वेगळी लहान पिशवी ठळक दिसत नाही एवढंच.

याहून वाईट गैरसमज तंतुकणिकेचा (मायटोकॉन्ड्रिया, श्वसनाची जागा). 'वनस्पतीत हरितलवक, प्राण्यांत तंतुकणिका' अशी वाटणी डोक्यात बसते आणि जाता जात नाही. तंतुकणिका दोन्हींत आहेत. हरितलवक साखर तयार करतं, ती साखर वापरायला श्वसन लागतंच, दिवसाही आणि रात्रीही. जमिनीखालच्या मुळाच्या पेशीत तर हरितलवक नसतातच; ती सगळी मदार तंतुकणिकेवर. उलट माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिकाही नाही आणि केंद्रकही नाही.

आता कांद्यासोबत दाखवायच्या गालाच्या पेशीबद्दल. दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडा. काचपट्टीवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब घेऊन त्यात पसरा, गोळा राहू देऊ नका. ०.१ टक्के मिथिलीन ब्लूचा एक थेंब, दोन मिनिटं थांबा, जादा रंग टिपा, काच ठेवा. रंग जास्त झाला तर केंद्रक आणि पेशीद्रव्य दोन्ही सारखेच निळे, दाखवायला काही उरत नाही.

पेशीवर बारीक गडद निळे ठिपके दिसतील. त्यांना तंतुकणिका म्हणून नाव देऊ नका, ते तोंडातले जिवाणू आहेत. आणि दुमडलेली कड जाड रेघेसारखी दिसते, तिला भित्तिका म्हणू नका. पेशी गोलही नसते. हा थर झडायच्या बेतात आलेला, चपट्या फरशांचा. वापरलेली कोरणी, काच सगळं ब्लीचच्या पाण्यात.

सूक्ष्मकाका

आकार मोजायची सोपी युक्ती. नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) १८ आकडा छापलेला असेल तर १० च्या वस्तुभिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ ÷ १० = १.८ मिलिमीटर, ४० खाली ०.४५ मिलिमीटर. १० खालच्या वर्तुळात लांबीच्या दिशेने सहा कांदापेशी मावल्या तर एक ०.३ मिलिमीटर. गालाच्या पेशी ४० खाली आठ मावल्या तर एक ०.०५६, म्हणजे ५६ मायक्रॉन.

आणि हे लक्षात असू द्या की पटल कधीच दिसलेलं नाही. त्याची जाडी ७ ते १० नॅनोमीटर, आणि प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटर. रससंकोचात दिसते ती पटलाची जागा. रॉबर्ट हुकला १६६५ साली बुचाच्या कापात दिसल्या त्या तर नुसत्या मेलेल्या भिंती. आपण पेशी म्हणतो ते आत काहीच नव्हतं.

शंकासुर

कांद्यात हरितलवक का दिसत नाहीत हा प्रश्न येईल असं वाटलं होतं. जमिनीखालची साठवणीची पानं ती, उजेड नाही म्हणून हिरवं नाही. लवक असतात पण रंगहीन. हिरवे बघायचे तर पाणवनस्पतीचं पातळ पान घ्यावं, बरोबर?

कंडेन्सर

बरोबर. हायड्रिलाचं कोवळं पान अख्खंच ठेवा, कापायची गरज नाही. उजेडात थोडा वेळ ठेवून बघितलं तर हरितलवक भित्तिकेच्या कडेकडेने रांगेत सरकताना दिसतात. सरकतात म्हणजे पेशीद्रव्याचा प्रवाह त्यांना वाहून नेतो. मध्ये रिक्तिका असल्यामुळे वाहतूक कडेनेच. कारा या पाण्यातल्या शैवालाच्या लांबच लांब पेशीत हा वेग सेकंदाला १०० मायक्रॉनपर्यंत जातो.

मुळाक्षर

मूळ मुद्द्यावर परत. विभाजनाची ओळ अजून कोणी घेतली नाही.

प्राणीपेशी ॲक्टिन-मायोसिनच्या कड्याने बाहेरून आत आवळली जाते, पिशवीच्या नाडीसारखी. वनस्पतीपेशीत गॉल्गी संकुलातून आलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) मध्यभागी जमतात, जुळतात आणि पेशीपट्टिका (नव्या भिंतीची सुरुवात) आतून बाहेर वाढत भित्तिकेला भिडते. शंकासुर म्हणणार, ताठ भिंत आवळता येत नाही म्हणून. ऐकायला छान. पण क्लॅमिडोमोनस भित्तिकेच्या आतल्या आत खाच पाडून विभागतो. स्पायरोगायरा या हिरव्या शैवालात सेल्युलोजची भित्तिका असून सुरुवात कडेच्या खाचेनेच होते. बुरशीतही आकुंचन पावणारं कडं आहे, त्याच्या मागोमाग पडदा बांधला जातो. म्हणजे भित्तिका असली की पट्टिका हवीच असं नाही. नवी भिंत बांधावी लागते, इतकंच भित्तिकेवरून ठरतं. कुठल्या बाजूने बांधायची ते नाही.

तारककायाची ओळ तर तुमच्या तर्कात बसतच नाही. शेवाळी आणि नेचे भित्तिकावालेच, पण पोहणारे नरयुग्मक (नर प्रजननपेशी) तयार करताना त्यांच्यात तारककण (तारककायाच्या मध्यभागचे कण) येतात. सायकस आणि गिंकोतसुद्धा; गिंकोचे पोहणारे नरयुग्मक हिरासे यांनी १८९६ साली जपानमध्ये पाहिले, त्याच वर्षी इकेनो यांनी सायकसचे. सूचिपर्णी आणि सपुष्प वनस्पतींनी कशाभिका सोडली आणि तिच्याबरोबर तारककणही गेले. तेव्हा ती ओळ 'कशाभिका' या सदराखाली हवी.

टोनोप्लास्ट

दोन्ही मुद्दे मान्य, विशेषतः स्पायरोगायरा. मात्र नवी भिंत बांधताना तिच्यात आंतर्द्रव्यजालिकेचे (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याचे) धागे अडकून राहतात आणि पेशीबंध (शेजारच्या पेशींना जोडणारे मार्ग) तयार होतात, ती गोष्ट भित्तिकेकडे द्या. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी बोलायला बोगदा लागतोच: व्यास ३० ते ६० नॅनोमीटर, पटल एका पेशीतून दुसरीत सलग. प्राणीपेशीची पटलं एकमेकींना टेकतात, तिथे दीड-दोन नॅनोमीटरच्या प्रथिन-नळ्या पुरतात.

शंकासुर

म्हणजे माझ्या म्हणण्याची दुरुस्ती अशी. भित्तिकेच्या खात्यावर: फुगीर दाब, मोठी रिक्तिका, कण गिळता न येणं, पेशीबंध. लवकाच्या खात्यावर: अन्न, मंड (स्टार्च). कशाभिकेच्या खात्यावर: तारककाय. विभाजन अर्धं-अर्धं. 'एकच कारण' मागे घेतो, 'यादी' मात्र अजूनही मान्य नाही. क्लॅमिडोमोनस शिल्लक खात्यात.

एक राहिलं. टोनोप्लास्ट यांनी ०.३ मोल 'धरू' म्हटलं. कांद्यात खरंच किती ते काचपट्टीवर काढता येईल का?

टोनोप्लास्ट

येईल, कंडेन्सर यांच्याच कृतीने, फक्त मिठाऐवजी साखर. ३४.२ ग्रॅम साखर कमी पाण्यात विरघळवा, मग एकूण १०० मिलिलिटर करा. (१०० मिलिलिटर पाण्यात साखर टाकली तर आकारमान वाढतं आणि द्रावण पातळ होतं. निम्मे लोक इथेच चुकतात.) हे १ मोलचं. त्यातून ०.१ ते ०.६ अशी सहा द्रावणं करा: ०.३ साठी ३ मिलिलिटर द्रावण आणि ७ मिलिलिटर पाणी, याप्रमाणे. प्रत्येकात लाल पापुद्र्याचा तुकडा अर्धा तास बुडवा आणि त्याच द्रावणाच्या थेंबात बघा. सवयीने पाण्याचा थेंब घेतलात तर सगळं पुन्हा फुगेल.

प्रत्येक तुकड्यात ५० पेशी मोजा, रससंकोच झालेल्या किती ते टक्क्यांत लिहा, आलेख काढा. वक्र ५० टक्क्यांना जिथे छेदतो ती संहती पेशीरसाच्या बरोबरीची, कारण तिथे फुगीर दाब नुकताच शून्य झालेला असतो. तीच वरच्या सूत्रात घाला. साखरेचा प्रत्यक्ष दाब सूत्रापेक्षा थोडा जास्त असतो, ०.३ ला ७.३ ऐवजी ८ च्या आसपास.

निळी शाई

मोजताना फक्त एका कोपऱ्यातून सुटलेली पेशी धरायची की सोडायची?

टोनोप्लास्ट

धरायची. पूर्ण गोळा झालेल्याच मोजल्या तर उत्तर जास्त येतं. आणि तुकड्याच्या कडेच्या दोन रांगा सोडून द्या, त्या ब्लेडने आधीच मेलेल्या असतात.